पहिल्या चोवीस

"तुम्ही फक्त पकडा, मावशी. विचार करायला आम्ही आहोत."

आवाज नऊ वर्षांपूर्वीचा. कुक्कुट केंद्राच्या तिसऱ्या शेडमध्ये, दाराच्या उंबऱ्यावर, नाकाला रुमाल धरून साहेब हे म्हणाले होते, आणि त्यांच्यामागे उभी असलेली चार माणसं हसली होती. मोठ्यानं हसली असती तर भांडता आलं असतं. ती बारीक हसली. कुसळ कपड्यात शिरतं, दिसत नाही, काढता येत नाही, बसलं की टोचतं, उठलं की टोचतं, तसं ते हसू मावशीच्या कानात शिरलं ते आजतागायत तिथंच होतं.

आज तोच आवाज टेबलापलीकडून म्हणत होता, "वाचायचं काय त्यात एवढं? सही करा, मावशी."

मावशीनं हात डगल्याला पुसले. कागद उचलला आणि मुद्दाम मोठ्यानं वाचला. "दुसऱ्या चाचणीच्या काळात माझ्या निष्काळजीपणामुळे जुने व नवे खाद्य एकमेकांत मिसळले गेले. त्याबद्दल मी दिलगीर आहे." तिनं मान वर केली. "हे मी लिहिलंय?"

"तुमच्या वतीनं लिहिलंय."

"माझ्या वतीनं, आणि मलाच पत्ता नाही?"

कोपऱ्यातल्या कारकुनानं खोकल्यासारखं केलं आणि फायलीत तोंड घातलं. साहेब आता मोठे साहेब झाले होते. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या एका चाचणीनं त्यांना ही खुर्ची दिली होती, ही काच, हा पंखा. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा. दोन महिने राहिलेत तुमचे. उद्या दहाला समिती येतेय. हा कागद असला की तोंडी ताकीद, विषय संपला. नसला की चौकशी. सेवापुस्तकात तांबडा शेरा. एकतीस वर्षांची नोकरी, आणि शेवटच्या पानावर तांबडं. बरं दिसेल का ते?"

"मी खाद्य मिसळलं नाही."

"मग निकाल असा कसा आला? नऊ वर्षांपूर्वी याच शेडमध्ये नव्या खाद्याच्या कोंबड्यांनी जास्त अंडी दिली. जिथं पाच, तिथं सहा. आता पुन्हा चाचणी घेतली तर दोन्हीकडे सारखीच. खाद्य तेच, पिंजरे तेच, माणूस तोच. चुकलं कोण? तुम्हीच सांगा."

"मी कशाला सांगू, साहेब? विचार करायला तुम्ही आहात ना."

कारकुनाचा खोकला खरा झाला. साहेबांच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. त्यांना स्वतःचं वाक्य आठवलं नव्हतं, ते नुसतेच चिडले होते, हे मावशीला दिसलं आणि तिचा राग आणखी चढला. ज्यानं टोचलं त्याला आठवतसुद्धा नाही!

"उद्या दहापर्यंत," साहेब म्हणाले. "या आता."

मावशीनं कागदाची चौघडी केली, डगल्याच्या खिशात कोंबली आणि ती शेडकडे चालू लागली. पावलं अशी पडत होती, की वाटेवरची खडी दातओठ खात होती.

तिचं काम सांगायला सोपं. पकडायचं. लस टोचायची, पकडा. वजन करायचं, पकडा. इकडच्या तिकडे हलवायच्या, पकडा. एकतीस वर्षांत तिनं किती कोंबड्या हातात धरल्या याची गणती नाही. मनगटापासून कोपरापर्यंत नख्यांच्या पांढऱ्या रेघा, रेघांवर रेघा, जशी कुणी वही गिरवावी. एका हातानं दोन्ही पाय, दुसरा हात छातीखाली, आणि कोंबडी अंगाशी. घाबरलेलं काळीज तळव्यावर धडधडतं. तळहाताला कळतं, ही भरलेली, ही पोकळ. हिला ताप, हिला नुसती भीती. ही महिनाभरात अंड्यावर येईल, हिला वेळ लागेल. हे कुठल्या कागदावर नसतं. कागदावर असतं ते वजन, आणि ते वजनकाटा सांगतो, मावशी नाही.

नऊ वर्षांपूर्वी त्या चाचणीसाठी अठ्ठेचाळीस तलंगा आल्या होत्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. वयात येऊ घातलेली, अंगात वारं भरलेली. सगळ्या जाळीच्या एका मोठ्या कप्प्यात होत्या. समोर पिंजऱ्यांच्या दोन रांगा. साहेबांनी सांगितलं, "दाराकडच्या रांगेत चोवीस, भिंतीकडच्या रांगेत चोवीस. दाराकडच्यांना जुनं खाद्य, भिंतीकडच्यांना नवं. बारा आठवडे अंडी मोजायची. भरा." आणि चहाला गेले.

मावशीनं भरल्या. दाराकडची रांग जवळ, म्हणून ती आधी. कप्प्यात हात घातला, हाताला लागेल ती उचलली. हाताला कोण लागतं? कोपऱ्यात पिसं फुगवून बसलेली. दुसऱ्यांच्या चोची खाऊन मागे सरलेली. पळायला उठली आणि दोन पावलांत थकली ती. चोवीस झाल्या, दाराकडची रांग भरली. उरलेल्यांनी मग तिला घाम फोडला. कुणी डोक्यावरून उडाली, कुणी जाळीला लटकली, कुणी पायांतून सटकली. त्या पकडता पकडता दुपार झाली. त्या सगळ्या भिंतीकडच्या रांगेत गेल्या. नव्या खाद्याच्या रांगेत.

तेव्हा तिच्याही ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं चौथ्या दिवशी, पिंजरे झाडताना. या बाजूला माना खाली, त्या बाजूला माना वर. या बाजूला निजानीज, त्या बाजूला कलकलाट. चार दिवसांत खाद्य असं काय करणार? केरसुणी हातात तशीच धरून ती उभी राहिली आणि तिला आपलेच हात दिसले. अरे, हे तर मी केलं. दुबळ्या इकडे, धट्ट्या तिकडे, माझ्याच हातांनी.

सांगायला ती धावत गेली होती. साहेब पाहुण्यांना शेड दाखवत होते. "साहेब, भरताना घोळ झाला. पहिल्या चोवीस..." एवढंच तोंडातून निघालं, आणि मग ते वाक्य आलं, आणि ते हसू.

बस. मावशीनं तोंड मिटलं. मनात म्हणाली, मोजा. मोजा तुमची अंडी. बुडा.

साहेब बुडाले नाहीत. त्यांचा फोटो खाद्याच्या पोत्यांच्या जाहिरातीवर आला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात भाची टेबलावर पुस्तकं पसरून बसली होती. ती कॉलेजसाठी मावशीकडे राहायची. तिची आई, म्हणजे मावशीची धाकटी बहीण, शहराच्या दुसऱ्या टोकाला कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. केंद्रातला झाडून सगळा माणूस मावशीला मावशी म्हणे, शिपायापासून साहेबापर्यंत. खरी भाची मात्र ही एकच, आणि तिला या गोष्टीचा मोठा तोरा.

मावशीनं कांदा असा चिरायला घेतला, की फळी हादरली.

"कांद्यानं काय घोडं मारलंय तुझं?"

"तू अभ्यास कर."

"करतेय की. 'पुढील प्रयोगाचे भाग ओळखा.' दहा प्रश्न, सगळे एकाच माळेचे. बटाट्याची रोपं आणि खत, उंदीर आणि औषध. झोप येते बाई." भाचीनं जांभई दिली, आणि मग तिला खिशातून डोकावणारा कागद दिसला. तिनं तो अलगद ओढून काढला. वाचला. खुर्चीतून उठलीच. "मावशी! हे काय आहे?"

"माझ्या वतीनं लिहिलंय."

"तू मिसळलंस?"

सुरी थांबली. मावशीनं नुसतं बघितलं. भाचीनं जीभ चावली. "बरं, बरं. नाही मिसळलंस. मग सही करायची नाही."

"नाही केली तर शेरा."

"आणि केली तर?"

"केली तर मी खोटी."

भाचीनं कागद पुस्तकावर ठेवला, तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं. "थांब. त्या पहिल्या चाचणीचा अहवाल आहे ना तुझ्याकडे? सगळ्यांना वाटला होता तो. काढ. तुझ्या साहेबाचाच प्रयोग सोडवू. भाग ओळखा."

अहवाल कपाटात, चादरींच्या खाली होता. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर लालचुटुक तुऱ्याची कोंबडी. भाची पेन्सिल घेऊन बसली. मावशी कांदा चिरत राहिली, पण कान टेबलाकडे.

"पहिलं, एकक. म्हणजे प्रयोग कुणावर केला? एकेक जीव किंवा वस्तू."

"तलंगा. अठ्ठेचाळीस."

"बरोबर. दुसरं, उपचार."

"आजारी नव्हत्या त्या."

"अगं तसा उपचार नाही. म्हणजे त्यांना मुद्दाम काय दिलं? ज्याचा गुण बघायचाय ते."

"नवं खाद्य."

"आणि तुलनेला?"

"जुनं. दाराकडच्या रांगेला."

"तो तुलनागट. आता प्रतिसाद. शेवटी मोजलं काय?"

"अंडी. बारा आठवडे. मीच गोळा करायचे."

"पैकीच्या पैकी! मावशी, परीक्षेला तूच बस." भाची हसली आणि पेन्सिल खाली खाली सरकवत गेली. "आता राहिलं वाटप. कोण कुठल्या गटात जाणार हे कसं ठरवलं? हं, हे बघ. 'तलंगांचे दोन गटांत यादृच्छिक वाटप करण्यात आले.'"

"काय करण्यात आलं?"

"यादृच्छिक. म्हणजे कुणाच्या मर्जीनं नाही, सोयीनं नाही. चिठ्ठ्या टाकून, नाणं उडवून. प्रत्येकीला इकडे किंवा तिकडे जायची सारखी संधी. तेच तर महत्त्वाचं असतं. नाहीतर सगळ्या गुटगुटीत एकीकडेच गेल्या तर कळणार कसं, अंडी खाद्यानं वाढली की..." भाची बोलता बोलता थांबली. मावशीनं सुरी खाली ठेवली होती.

"चिठ्ठी?" मावशी म्हणाली. "कुठली चिठ्ठी? कसलं नाणं? चहाला गेला होता तो! भरल्या मी! हे हात दिसतायत ना? या हातांनी भरल्या! अठ्ठेचाळीस पानांचं पुस्तक छापलं, त्यात खाद्यात काय काय घातलं ते आहे, पिंजऱ्याची लांबी आहे, रुंदी आहे, खिडकीतून ऊन किती वाजता येतं ते आहे. माझे हात कुठे आहेत त्यात?"

भाचीनं तिला इतकी चिडलेली कधी पाहिली नव्हती. मावशीनं मग सगळं सांगितलं. हाताला लागेल ती कशी उचलली, कोण आधी लागते, कोण शेवटी. भाची तोंड उघडं टाकून ऐकत होती.

"म्हणजे नवं खाद्य जिंकलंच नव्हतं. आणि या वेळी? दुसऱ्या चाचणीला?"

"या वेळी एक इकडे, एक तिकडे. पहिली दाराकडे, दुसरी भिंतीकडे. तिसरी दाराकडे, चौथी भिंतीकडे. दुबळीला दुबळी, धट्टीला धट्टी. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नाही."

"चिठ्ठ्या टाकल्या असत्यास तर आणखी चांगलं झालं असतं," भाची हळूच म्हणाली, "पण मावशी, अगं, तू त्यांचा प्रयोग दुरुस्त केलास. म्हणून निकाल सारखा आला. आणि ते तुलाच...!" तिनं टेबलावर हात आपटला. "उद्या हे सगळं सांग. सरळ सांग की काल रात्री भाचीचं पुस्तक वाचलं आणि तेव्हा कळलं."

मावशीनं कढई चढवली, तेल सोडलं.

"मावशी? तेव्हाच कळलं ना?"

मावशीनं कांदा कढईत लोटला. तेल तडतडलं. धुराच्या आडून ती म्हणाली, "चौथ्या दिवशी कळलं होतं."

भाचीनं मनात काहीतरी मोजलं, वर्षं, महिने. ती नऊ वर्षांची चिमुरडी असतानाचे महिने. तेव्हा त्यांच्या घरामागे तीस कोंबड्या होत्या. तिच्या आईनं हौसेनं घेतल्या होत्या, एकेकीला नाव होतं. केंद्राचं ते नवं महागडं खाद्य बाजारात आलं तेव्हा आई फोनवर विचारत होती, "ताई, तुमच्या केंद्राचंच ना ते? घेऊ का?" पलीकडून काय उत्तर आलं ते भाचीनं ऐकलं नव्हतं. पण आईनं फोन ठेवला आणि हसून म्हणाली होती, "ताई घे म्हणतेय."

अंडी वाढली नव्हती. खाद्याच्या पोत्यावर फोटो होता, आकडे होते. शास्त्र चुकेल कसं? मग चुकलं असणार ते आईचंच. पाणी वेळेवर दिलं नसेल, खुराड्यात कोंडायला उशीर झाला असेल. आई पहाटे उठून बसू लागली, पुन्हा पुन्हा पोत्यावरच्या सूचना वाचू लागली. वर्षानं कोंबड्या गेल्या. आई कॉलर शिवायला गेली आणि तिनं स्वतःवर एक विनोद बनवला. कुणाकडे रोप मेलं, दूध फाटलं, की ती हात पुढे करायची. "मी आले होते का हो तुमच्याकडे? माझ्या हाताला गुण नाही बरं!" सगळे हसायचे. मावशीही हसायची.

भाचीनं पुस्तक मिटलं. "मला भूक नाही," म्हणाली आणि खोलीत निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

सकाळी समितीत तीन जण होते. दोन पुरुष, त्यांनी शेवटपर्यंत फारसं तोंड उघडलं नाही. आणि मध्ये एक बाई, केस पांढरे, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. साहेब बाजूच्या खुर्चीवर.

"यांचा खुलासा आहे," साहेब म्हणाले. "द्या मावशी."

मावशीनं चौघडी उलगडली आणि कागद टेबलावर ठेवला. सहीची जागा कोरी.

"सही राहिली," बाई म्हणाल्या.

"राहिली नाही. केली नाही. मी खाद्य मिसळलेलं नाही. काय झालं ते सांगते, पण इथं नाही. शेडमध्ये चला."

"मावशी, वेळ नाहीये समितीला," साहेब म्हणाले.

"नऊ वर्षं होती," मावशी म्हणाली. "अर्धा तास नसेल?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, मावशीकडे नीट बघितलं आणि उठल्या.

तिसऱ्या शेडमध्ये नव्या वीस तलंगा आलेल्या होत्या, जाळीच्या कप्प्यात. मावशी आत शिरली. म्हणाली, "बाई, मी बघणार नाही. निवडणार नाही. हाताला लागेल ती उचलणार. मोजा." आणि तिनं मान वळवून हात घातला. एक. दोन. तीन. हात असा चालत होता, जसं कुणी रागानं कपडे पिळावेत. चार, पाच, भुशाचा धुरळा उठला, सहा, सात. दहा झाल्या तशी तिनं तलंगांनी भरलेला खोका वजनकाट्याला लटकवला. "वाचा."

"तेरा किलो दोनशे," बाई म्हणाल्या. मावशीनं त्या दहा रिकाम्या पिंजऱ्यांत सोडल्या.

उरलेल्या दहांनी शेड डोक्यावर घेतली. एक साहेबांच्या खांद्यावरून गेली, साहेब भिंतीला चिकटले. मावशी घामानं निथळली, कोपराला नवी ओरखड्याची रेघ उमटली, तिच्यावर रक्ताचे थेंब आले. पण दहाच्या दहा त्याच खोक्यात आल्या. "वाचा."

"चौदा किलो नऊशे."

कोंबड्या तेवढ्या बोलत होत्या. मग मावशीनं सांगितलं. पहिल्या चाचणीच्या पहिल्या चोवीस, दाराकडे, जुनं खाद्य. नंतरच्या चोवीस, भिंतीकडे, नवं खाद्य. दुसऱ्या चाचणीला एक इकडे, एक तिकडे. बाई ऐकत होत्या, मधूनच वहीत लिहीत होत्या, आणि त्यांनी एकदाच मान वळवून साहेबांना विचारलं, "चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या?"

साहेबांच्या हातातला रुमाल नाकापर्यंत गेलाच नाही. "मला वाटलं, पकडणारी काही बघून थोडीच पकडते," ते म्हणाले. "मी त्यालाच यादृच्छिक समजलो." त्यांचा आवाज खरा होता. "मला माहीत नव्हतं, मावशी."

"ते मी सांगायला आले होते!" मावशीचा आवाज फुटला. "याच दारात आले होते! चार माणसांसमोर तुम्ही माझं हसं केलंत!"

साहेबांनी खाली बघितलं. बाईंनी वहीचं पान उलटलं. मग विचारलं, "तुमच्या कधी लक्षात आलं हे?"

भाचीनं दिलेलं उत्तर जिभेवर तयार होतं. ते सोपं होतं, आणि त्यानं कुणाचं काही गेलं नसतं.

"चौथ्या दिवशी," मावशी म्हणाली. "पहिल्याच चाचणीच्या."

"आणि नंतर? अहवाल निघाला तेव्हा? खाद्य बाजारात आलं तेव्हा?"

"एकदा सांगायला आले, तेवढंच. दुसऱ्यांदा आले नाही. तुमच्यासारखं कुणी वर होतं, त्यांना लिहिता आलं असतं. लिहिलं नाही. राग होता. म्हटलं, मला अक्कल नाही ना, मग बुडा." तिनं श्वास घेतला. "बुडले ते नाहीत."

बाईंनी पेनचं टोपण लावलं. "मावशी, हे मला लिहावं लागेल. साहेबांचं लिहावं लागेल, तसं तुमचंही. माहीत असून कळवलं नाही म्हणून शेरा येईल."

"येऊ दे. या कागदावरचा नको. माझ्या चुकीचा असेल तो येऊ दे." तिनं खोक्याचं झाकण उघडलं आणि तलंगा एकेक करून कप्प्यात सोडल्या. घाई केली नाही. मग डगला खुंटीला अडकवला, हात धुतले आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून बाहेर पडली.

कपड्यांच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी संपत आली होती. लांबच लांब खोली, यंत्रांच्या रांगा, जमिनीवर दोऱ्यांचे गुंते. धाकटी आपल्या यंत्राशी डबा झाकत होती. तिच्या डावीकडे कॉलरींचा ढीग, पांढऱ्या, एकीवर एक, पक्ष्यांनी पंख मिटून बसावं तशा. बहिणीला बघून ती उभीच राहिली.

"ताई? तू? इथं? कोंबड्यांनी राजीनामा दिला की काय?"

शेजारची बाई हसली. "हीच का तुझी ताई? पकडणारी?"

"हीच. हिच्या हाताला गुण. माझ्या हातात..." धाकटीनं दोन्ही पंजे पुढे केले, नेहमीसारखे.

"नको," मावशी म्हणाली. "ते नको म्हणूस."

"अगं, गंमत गं."

"गंमत नाही ती. बस. खाली बस."

धाकटी बसली. मावशी उभीच होती. मग तिला ते बरं वाटेना, तिनं रिकामं खोकं ओढलं आणि ती समोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून, लहानपणी बसायच्या तशी. धाकटीचा चेहरा बदलला. "पोरीला काही झालं का? काल फोनवर धड बोलली नाही."

"पोर बरी आहे. माझ्यावर रागावलीय. तिचं बरोबर आहे." मावशीला वाटलं होतं, एवढ्या लोकांसमोर सांगून आले, आता हे सोपं जाईल. गेलं नाही. "तुझ्या कोंबड्यांचं सांगायचंय."

"त्या कधीच्या गेल्या! तुला आज कुठून आठवल्या?"

"तू विचारलं होतंस फोनवर. खाद्य घेऊ का म्हणून."

"मग? तू घे म्हणालीस. तुझी काय चूक त्यात? मलाच नाही जमलं. पाणी असेल, जागा असेल..."

"दोष पाण्याचा नव्हता. जागेचा नव्हता." सुट्टी संपल्याची घंटा झाली. रांगेतल्या बायका उठल्या, एकेक यंत्र सुरू झालं. शेजारच्या बाईनं यंत्रावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मावशीनं आवाज चढवला, यंत्रांवरून पोचावा म्हणून. "ते खाद्य जिंकलंच नव्हतं. दुबळ्या कोंबड्या एकीकडे, धट्ट्या एकीकडे, अशा मीच भरल्या होत्या. चुकून भरल्या. पण तुझा फोन आला तेव्हा मला ते माहीत होतं, धाकटे. माहीत असून मी घे म्हणाले, कारण नको म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतंस, आणि माझा झालेला अपमान सांगावा लागला असता. तुझे हात चांगले होते. पहिल्या दिवसापासून चांगले होते. नऊ वर्षं मी तुला हे सांगितलं नाही."